चार महिन्यांचे बिऱ्हाड

मराठी माणूस घर बांधतो, घर घेतो, घर सजवतो. बिऱ्हाड मात्र तो थाटतो, हलवतो आणि वेळ आली की गुंडाळतो. पुण्याच्या पेठांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना मालक आणि बिऱ्हाडकरू यांतला फरक कोणी शिकवावा लागला नाही. नळाला पाणी येण्याची वेळ, जिन्यातल्या दिव्याचे बिल, गच्चीवर पापड कोणी आधी घालायचे, या सगळ्यांतून तो आपोआप कळे. पुढे वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बिऱ्हाडकरूंचे फ्लॅटधारक झाले. आता बिऱ्हाड हा शब्द जुना झाला असे वाटावे, तोच त्याने विमानाचे तिकीट काढले.

आज पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा. कोणाचा मुलगा कंपनीच्या कामासाठी चार महिने जर्मनीत गेलेला असतो. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला निघालेले असते. कोणी एका सत्रापुरते संशोधनाला अमेरिकेत जाणार असते. तिकीट, व्हिसा, विमा, सारे जय्यत तयार असते. वजनकाट्यावर बॅगा तीनतीनदा चढवून झालेल्या असतात. मेतकूट कोणत्या पिशवीत आणि लोणचे कोणत्या, हेही ठरलेले असते. फक्त एका प्रश्नाचे उत्तर ‘तिथे गेल्यावर बघू’ असे असते, आणि तो प्रश्न म्हणजे राहायचे कुठे.

दोनचार रात्रींचा मुक्काम असेल तर हॉटेल आहे. दोन वर्षांसाठी जायचे असेल तर रीतसर भाड्याचे घर आहे. खरी पंचाईत आहे ती या दोहोंच्या मधली. सहा आठवडे ते सहा महिने ही मुदत मोठी चमत्कारिक. एवढे दिवस हॉटेल परवडत नाही, आणि एवढ्याच दिवसांसाठी घर द्यायला मालक तयार होत नाही. माझे आयुष्य बँकेत गेले. कर्जाच्या अर्जावर आकडे किती भक्कम आहेत यापेक्षा ‘या माणसासाठी शब्द कोण टाकतो’ हा प्रश्न कितीतरी वेळा अधिक महत्त्वाचा ठरलेला मी पाहिला आहे. परदेशातल्या अल्पमुदतीच्या घराचेही अगदी तसेच आहे. तिथे पैसा कमी पडतो त्याहून अधिक वेळा ओळख कमी पडते.

पत्राने मिळालेले घर

आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या ही गोष्ट आपण सारेच शाळेत वाचतो. त्या तिथे उतरल्या कुठे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. गोपाळराव जोशी यांनी १८८० साली अमेरिकेतल्या मिशनरींना मदतीसाठी लिहिलेले पत्र तिकडच्या एका नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या अंकात त्यांनी ते पत्र वाचले आणि कागद घेऊन उत्तर लिहिले. त्यातून आनंदीबाईंचा आणि त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसलेली अठरा वर्षांची ही मुलगी जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली, तेव्हा तिला न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. फिलाडेल्फियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंतचे महिने आनंदीबाईंनी त्यांच्याच घरी काढले. आजच्या भाषेत बोलायचे तर ते अल्पमुदतीचे बिऱ्हाडच होते. पण त्या बिऱ्हाडासाठी डिपॉझिट म्हणून काय भरले होते? समुद्रावरून महिनोन्महिने प्रवास करणारी पत्रे. एकीने दुसरीला आपले घर, आपले सण, आपली दुखणी लिहून कळवली होती. घराचे दार उघडण्याआधी ओळख पक्की झालेली होती.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. त्यांचे वय बावीससुद्धा पूर्ण झालेले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. काही महिन्यांसाठी घरात घेतलेल्या मुलीला त्या घराने अखेरची जागाही दिली. घरमालकीण या शब्दाला याहून मोठा मान मिळाल्याचे मला ठाऊक नाही.

लंडनमधली तीन दारे

सगळ्यांनाच कार्पेंटरबाई भेटत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनला शिकायला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांना खोली मिळवताना कातडीचा रंग आडवा येई. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू येथे, ‘इंडिया हाउस’ उघडले. त्याच्या राजकारणाविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. पण ते मुळात विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. आपल्या मुलांना कोणी खोली देत नसेल तर आपणच एक घर घ्यावे, असा तो सरळ व्यवहारी विचार होता. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतलेले विनायक दामोदर सावरकर १९०६ साली याच घरात उतरले.

दुसरे दार लोकमान्यांचे. व्हॅलेंटाइन चिरोल या लेखकावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी टिळक १९१८ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. त्यांचे बिऱ्हाड मेडा व्हेल भागात १० हौली प्लेस या घरात होते. गायकवाड वाड्यात ज्यांचे आयुष्य गजबजलेले, त्या माणसाचे ते परक्या देशातले वर्षभराचे घर. दावा ते हरले, पण घराने त्यांना लक्षात ठेवले. १९६१ साली लंडनच्या कौंटी कौन्सिलने त्या भिंतीवर निळी पाटी लावली. १९१८ आणि १९१९ या सालांत ते इथे राहत होते, असे तिच्यावर आहे. भाडेकरूची पाटी मालकाच्या भिंतीवर कायमची लागण्याचा हा योग पुण्याच्या कुठल्या घरमालकाला पचेल की नाही, कोण जाणे!

तिसरे दार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. प्रिमरोज हिल भागातल्या १० किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१–२२ साली राहत होते. त्यांच्या लंडनच्या दिवसांतली अर्धपोटी ओढाताण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले. पुढे तिथे स्मारक करण्यावरून वाद झाला. निवासी भागात संग्रहालय कसे, अशी हरकत निघाली आणि अखेर २०२० साली परवानगी मिळाली. एका गरीब विद्यार्थ्याचे बिऱ्हाड पुढे एका राज्याच्या मालकीचे होईल, हे त्या काळी कोणी सांगितले असते तर कोणालाही खरे वाटले नसते.

या तिन्ही दारांसमोर उभे राहिले की एक गोष्ट मनात येते. दार ठोठावणारा माणूस पुढे कोण होणार आहे, हे दार उघडणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. तो फक्त समोरच्याचा चेहरा, कपडे आणि बोलणे पाहतो आणि ठरवतो. इंग्लंडात खिडकीतल्या पाटीवर ‘काळ्यांना जागा नाही’ असे उघड लिहिण्याचा प्रकार १९६० च्या दशकापर्यंत चालू होता. घर देताना वंशावरून भेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला.

दाराआधी दार

आता पाटी गेली. तिच्या जागी कागद आले. माझा भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. बायको आणि तीन वर्षांची मुलगी यांच्यासह चार महिन्यांसाठी त्याला स्टुटगार्टला जायचे होते. पहिले दोन आठवडे हॉटेलची सोय होती, पुढची त्याने स्वतः करायची होती. तो निघण्यापूर्वीच रोज रात्री माझ्याशी बोलू लागला. ‘मामा, तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारतो’, अशी त्याची सुरुवात असे.

त्याची अडचण ऐकून मला हसू यावे की कीव, कळेना. जर्मनीत घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. बँकेत खाते उघडायला पत्ता लागतो. आणि घरमालकाला काय हवे असते? बँकेचे खाते, तिथल्या पगाराच्या पावत्या आणि ‘शुफा’चा दाखला. शुफा म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखी, माणसाची पत सांगणारी संस्था. जो माणूस काल विमानातून उतरला त्याची तिथे पत कुठली असणार? घर नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून घर नाही. फिरत राहा!

भाषेच्याही गमती होत्या. जाहिरातीत दोन खोल्यांचे घर म्हटले की आपल्याला दोन बेडरूम वाटतात. तिथे बैठकीची खोली मोजतात आणि स्वयंपाकघर मोजत नाहीत. म्हणजे ते आपले ‘वन बीएचके’. भाडे दोन प्रकारचे, ‘काल्टमीटे’ आणि ‘वार्ममीटे’, म्हणजे थंड भाडे आणि गरम भाडे. थंड भाडे नुसत्या जागेचे. घर गरम ठेवण्याचा आणि इमारतीचा खर्च धरला की ते गरम होते. पुष्कळ घरे स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय आणि शेगडीशिवाय मिळतात. जुना भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो. चार महिन्यांसाठी कोण शेगडी विकत घेणार? म्हणून सामानासह मिळणारे घर शोधायचे, आणि अशी घरे मोजकी व महाग.

एके रात्री त्याने मोठ्या उत्साहाने एक जाहिरात पाठवली. शहराच्या मध्यभागी, सुंदर फोटो, भाडे इतरांच्या निम्मे. मालक म्हणे नोकरीसाठी दुसऱ्या देशात असतो. दोन महिन्यांचे भाडे खात्यात भरले की किल्ली कुरियरने येईल. मी त्याला एवढेच म्हटले, ‘खाते क्रमांक वाचून दाखव.’ युरोपातल्या खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरे देशाची असतात, जर्मनीची ‘डीई’. हा क्रमांक तिसऱ्याच देशाचा होता. खातेदाराचे नाव करारावरच्या नावाशी जुळत नव्हते. दुसऱ्या देशात खाते असणे हा काही गुन्हा नाही. पण घर एका देशात, मालक दुसऱ्या, खाते तिसऱ्या आणि किल्ली कुरियरमध्ये, हा मेळ कोणत्याही बँकेत पास झाला नसता. त्याने पैसे पाठवले नाहीत.

मग त्याला घर मिळाले कसे? त्याच्या ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याची वृद्ध शेजारीण हिवाळाभर लेकीकडे जाणार होती. ‘हा माणूस चांगला आहे, मी ओळखतो’, असे त्या सहकाऱ्याने तिला सांगितले. संपला प्रश्न! शुफाचा दाखला कोणी मागितला नाही. त्या भागात इमारतीचा जिना झाडायची पाळी प्रत्येक बिऱ्हाडावर आठवड्याने येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी अडकवतात. पहिली पाटी अडकली त्या शनिवारी भाच्याने तीन मजले झाडून काढले आणि मला फोटो पाठवला. सदाशिव पेठेतल्या जिन्यावरून आमच्या आईची जी भांडणे होत, ती आठवून मी म्हटले, ‘बाबा रे, आता तू खरा बिऱ्हाडकरू झालास.’

दहा आठवड्यांची मागची खोली

माझा स्वतःचा अनुभव २०१७ सालचा, लंडनचा. मुलीचे पहिले बाळंतपण होते. तिचे घर एका बेडरूमचे, करारात दोनच माणसांची नावे. पाहुण्यांना दोन आठवड्यांहून अधिक ठेवायचे नाही, असे कलम होते. आम्हांला राहायचे होते दहा आठवडे. माणसे आपली, लेक आपली, पण छप्पर परक्याचे. बाळाच्या आजीआजोबांना घरात झोपण्यासाठी कागदावर जागा नव्हती.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. तिथल्या एका कार्यक्रमात मुलीची ज्यांच्याशी ओळख झाली होती, त्या बाईंच्या शेजारी एक विधवा इंग्रज बाई राहत होत्या. त्यांची मागची खोली रिकामी होती. त्यांनी आमचे पासपोर्ट आणि व्हिसा पाहिले आणि त्यांच्या प्रती ठेवून घेतल्या. इंग्लंडमध्ये भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे की नाही हे तपासणे २०१६ पासून सर्वत्र घरमालकावर बंधनकारक झालेले होते. मग त्यांनी दोन आठवड्यांच्या भाड्याएवढे डिपॉझिट घेतले, हाताने लिहून पावती दिली आणि एक यादी समोर ठेवली. पलंग एक, गाद्या दोन, चमचे सहा, दिवे तीन, भिंतीवरचा एक डाग. तो डागसुद्धा यादीत होता!

आमच्या हिला ते फारच कोरडे वाटले. ‘चमचे मोजून घेतायत’, असे ती माझ्या कानात पुटपुटली. पण माझ्यातला बँकवाला मनात टाळ्या वाजवत होता. जी घरमालकीण पहिल्या दिवशी चमचे मोजते, ती शेवटच्या दिवशी न हरवलेल्या चमच्याचे पैसे मागत नाही. यादी मालकाचे जेवढे रक्षण करते तेवढेच भाडेकरूचे. खरी भीती ‘अहो, कशाला लिहायचं, आपलंच घर समजा’ असे म्हणणाऱ्यांची.

कटकट एकच झाली. पहिल्याच सकाळी हिने मिरच्यांची फोडणी घातली आणि छताला लावलेली धुराची घंटा असा टाहो फोडू लागली की शेजारीपाजारी खिडक्यांत आले. बाई धावत आल्या. त्यांनी खिडकी उघडली, टॉवेल फडकवला आणि मग दोघी पोटभर हसल्या. दुसऱ्या दिवसापासून फोडणी मागचे दार उघडे ठेवून आणि बाईंना हाक मारून होऊ लागली. बाळ आले त्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात अळिवाची खीर झाली आणि पहिली वाटी बाईंना गेली. निघताना डिपॉझिट पैन् पै परत मिळाले. त्या दहा आठवड्यांत आम्ही एकमेकांना आपले आयुष्य सांगितले नाही. पण दोन्हीकडून हिशेब स्वच्छ होता, म्हणून जिव्हाळ्याला जागा झाली.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे

परदेशी बिऱ्हाड थाटायला निघालेल्यांना माझ्या जुन्या धंद्याला स्मरून काही गोष्टी सांगतो.

पहिले दोन आठवडे रद्द करता येईल अशी जागा घ्यावी आणि पुढचे घर डोळ्यांनी पाहूनच ठरवावे. ते जमत नसेल तर ओळखीच्या माणसाला प्रत्यक्ष पाठवावे. फोटो घर दाखवतो, घराचा मालक कोण ते दाखवत नाही. भाडे ज्याच्याशी करार त्याच्याच नावाच्या खात्यात, बँकेमार्फत भरावे, रोखीने नव्हे. पूर्वी परकीय चलन मिळणे दुर्मीळ होते. आता रिझर्व्ह बँकेच्या २००४ साली सुरू झालेल्या उदारीकृत योजनेखाली निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. त्यामुळे आडमार्गाने, कोणा तिसऱ्याच्या हाती पैसे देण्याचे कारण उरलेले नाही.

डिपॉझिट किती असावे, याला बहुतेक देशांत कायद्याची मर्यादा आहे. जर्मनीत थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा भाडेकरूला असते. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. घर राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. स्वतंत्र घराचे डिपॉझिट संरक्षित योजनेत ठेवण्याची सक्ती तिथे २००७ पासून आहे. मात्र मालक स्वतः राहतो त्या घरातल्या खोलीला ती लागू नाही, म्हणून तिथे पावतीच महत्त्वाची. स्थानिक जामीनदार नसला तर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्याची तिथली रीत विद्यार्थ्यांच्या फार जिवावर येई. २०२५ साली मंजूर झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने तिला लगाम घालायचे ठरवले आहे.

शहराचेही नियम विचारावेत. लंडनमध्ये परवानगीशिवाय संपूर्ण घर अल्पमुदतीने देण्यास वर्षाकाठी नव्वद रात्रींची मर्यादा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या जागांना नोंदणी लागते आणि मालकाने त्याच घरात राहावे लागते. नियम मालक मोडतो, पण बॅगा घेऊन फुटपाथवर भाडेकरू उभा राहतो.

शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. निघण्यापूर्वी कागदी ओळख तयार करावी. मी बँकेत लागलो तेव्हा खाते उघडायच्या अर्जावर परिचयकर्त्याच्या सहीची जागा असे. ती आता गेली, आधार आले. पण परदेशी घरमालकाच्या मनातली ती जागा तशीच आहे. नोकरीचे पत्र, आधीच्या घरमालकाचे दोन ओळींचे प्रशस्तिपत्र, बँकेचा दाखला आणि आपण कोण, किती जण, किती दिवस, काय करतो हे सांगणारे साधे पत्र. कार्पेंटरबाईंना पाठवलेल्या पत्रांचेच हे आजचे रूप.

आणि आपल्या दारात?

इथवर आपण दार ठोठावणारे होतो. आता जरा दाराच्या आतल्या बाजूला येऊ. कारण पुणे हे नुसते परदेशी जाणाऱ्यांचे शहर नाही, ते येणाऱ्यांचेही आहे.

बँकेच्या बदलीवर मी एका जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. ‘बँकेचे साहेब’ म्हणून मला अर्ध्या दिवसात घर मिळाले. माझ्याबरोबर, माझ्याच हुद्द्यावर आलेल्या एका सहकाऱ्याला महिना लागला. जागा पसंत पडे, भाडे ठरे आणि मग मालक विचारी, ‘आडनाव काय म्हणालात?’ त्यानंतर त्या घरात अचानक मालकाचा पुतण्या राहायला येणार असे. महिनाभर तो लॉजवर राहिला. बँकेतून रोज लाखांची कर्जे मंजूर करणाऱ्या माणसाला गावात दोन खोल्यांपुरती पत नव्हती. खिडकीतली ती इंग्रजी पाटी आपल्याकडे कधी लावावी लागली नाही, कारण ती आपल्या तोंडातच होती.

पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांचा अनुभव याहून वेगळा नाही. मात्र या शहराने यावर एक सुंदर उत्तरही दिलेले आहे. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे काम पाहत. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून रोज कोणाला काही देते असे त्यांच्या लक्षात आले. चौकशी केली तेव्हा कळले की आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने आजारी पडून आहे आणि ती त्याच्यासाठी जेवण आणते. परक्या शहरात त्याचे दुसरे कोणी नव्हते. या प्रसंगाने ते अस्वस्थ झाले आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९७१ साली ‘सिंबायोसिस’ उभी राहिली. नाव वनस्पतिशास्त्रातलेच, अर्थ सहजीवन. आज त्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याचे मूळ मात्र खिडकीतून आत जाणाऱ्या एका डब्यात आहे.

घरमालकांची भीती खोटी असते असे मी म्हणणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि शिरलेला भाडेकरू निघत नाही, हा धसका पुण्याच्या दोन पिढ्यांनी घेतला. पण आता परिस्थिती तशी नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क घेण्याची तरतूद आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्या कायद्याने मालकावर टाकली आहे, मग मुदत चार महिन्यांची का असेना. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. राहणारा परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवायची असते. कायद्याने मालकाला एवढे संरक्षण दिल्यावर आडनावाच्या आणि आहाराच्या चौकशीत शोधायचे काय उरते?

मुलाला परदेशी पाठवून त्याचा पुण्यातला फ्लॅट कुलूप लावून ठेवणारे कितीतरी आईवडील माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा मुलगा तिकडे चार महिन्यांच्या घरासाठी दारोदार फिरत असतो, आणि इकडे त्याच्याच फ्लॅटसाठी आलेल्या नायजेरियाच्या किंवा मणिपूरच्या मुलाला ‘जागा गेली’ असे सांगितले जाते. तिकडच्या म्हातारीने आपल्या मुलाकडे ज्या नजरेने पाहावे अशी आपली इच्छा असते, ती नजर इकडे वापरायला पैसे पडत नाहीत. त्याच्याकडून पासपोर्टची प्रत घ्यावी, कॉलेजचे पत्र घ्यावे, करार नोंदवावा, डिपॉझिटची पावती द्यावी, चमचे मोजावेत. भिंतीवरचा डागही यादीत लिहावा. एवढे झाले की किल्ली द्यावी, आणि पाणी किती वाजता येते तेही सांगावे.